तळे, डोंगर आणि वन्यजीव : एकाच पायवाटेवर तिन्हींची छायाचित्रे साधणे शक्य आहे का?

रानवाट (धागाकर्ता)

धाग्याचे शीर्षक प्रश्नार्थक असले तरी माझे मत आधीच मांडून ठेवतो, म्हणजे वाद घालणाऱ्यांची सोय होईल. तळ्याच्या काठाने निघून डोंगराच्या कुशीत शिरणारी पायवाट असेल आणि वाटेत पाणपक्षी, हरणे, नशीब असल्यास एखादा कोल्हा दिसण्याची शक्यता असेल, तर अशा एकाच फेरफटक्यात तिन्ही विषयांची चांगली छायाचित्रे मिळवण्याचा हट्ट धरू नये, असे मला वाटते.

खरी अडचण ही आहे की तिन्हींची उत्तम वेळ एकच असते. पाणी सकाळी निवांत असते, डोंगरावर तिरपा प्रकाश सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाभरात पडतो आणि प्राणी-पक्षीही त्याच वेळी चरायला, खायला बाहेर पडलेले असतात. त्यातून कॅमेऱ्याकडून असलेल्या अपेक्षा परस्परविरोधी. निसर्गदृश्यासाठी ट्रायपॉड, एफ/११ (म्हणजे लेन्सचे छिद्र, ॲपर्चर, लहान) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवून शटर १/६० सेकंदापर्यंत खाली आले तरी काही बिघडत नाही. समोरून बदक उडाले तर मात्र किमान १/१००० हवे. हा फरक चार स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे बाकी काही न बदलता आयएसओ १०० वरून थेट १६०० वर जावे लागते. तोवर बदक दिसेनासे झालेले असते.

म्हणून मी घरातून निघण्यापूर्वीच ठरवतो की आज पाणी, किंवा आज डोंगर, किंवा आज पक्षी. उरलेले सारे डोळ्यांनी पाहायचे. आपण कसे ठरवता आणि कोणती लेन्स सोबत नेता, हे वाचायला आवडेल.

टिटवी

पूर्णतः असहमत. आपण मांडलेली अडचण खरी आहे, पण ती बटणांची अडचण आहे, विषयाची नव्हे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या डायलवर सी१, सी२ अशा जागा असतात आणि त्यांत संपूर्ण मांडणी साठवून ठेवता येते. माझ्या सी१ मध्ये एफ/११, आयएसओ १०० आणि एकच फोकस बिंदू असतो, तर सी२ मध्ये लेन्सचे सर्वांत मोठे ॲपर्चर, १/१६००, स्वयंचलित आयएसओ, सतत फोकस आणि सलग छायाचित्रे घेण्याची सोय असते. डायल एक घर फिरवला की काम झाले, त्यासाठी कॅमेरा डोळ्यापासून खालीही आणावा लागत नाही. मी चालताना कॅमेरा नेहमी सी२ वर ठेवते, कारण डोंगर वाट पाहतो, पक्षी पाहत नाही.

कुंपणावरचा

डोंगर वाट पाहतो हे मान्य, परंतु डोंगरावरचा प्रकाश मात्र सरकारी खिडकीसारखा आपला क्रमांक येताच बंद होतो. (हलके घ्या.)

धुकेरी

रानवाट यांनी तिन्हींची वेळ एकच असते असे म्हटले आहे, ते ढोबळमानाने खरे असले तरी बारकाईने पाहिले तर या तीन वेळा एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या असतात, आणि सारे गणित त्या सरकण्यातच आहे.

पाण्याचे उदाहरण घेऊ. डोंगराळ भागात रात्री उतारावरची हवा थंड होऊन खाली दरीत वाहते, तर दिवसा ऊन लागल्यावर उतार तापतात आणि वारा उलट दिशेने, म्हणजे दरीतून वर वाहू लागतो. या दोन वाऱ्यांच्या सांध्यावर, सूर्य उगवून थोडा वेळ झाल्यावर, एक शांत अवधी मिळतो आणि तळ्याचा आरसा बहुधा तेव्हाच सर्वांत स्वच्छ असतो. याचा अर्थ डोंगरमाथ्यावर पहिले ऊन पडते त्या क्षणी पाणी सर्वाधिक स्थिर असेलच असे नाही. बरेचदा रात्रीचा खाली वाहणारा वारा तेव्हा चालूच असतो आणि पाण्यावर बारीक शहारे दिसतात. ते पाहून निराश होऊन पुढे निघून जाणारे लोक पुष्कळ. थोडे थांबले तर पाणी निवते.

दुसरे असे की मोठ्या तळ्याचा मध्य निवायला वेळ लागतो, परंतु काठावरची वेतांच्या आडोशाची छोटी खाडी, दोन खडकांमधला खोलगट भाग किंवा पावसाने साचलेले उथळ डबके आधी स्थिर होते. प्रतिबिंबासाठी संपूर्ण तळे लागत नाही. कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर नेला तर टेबलाएवढ्या डबक्यातही डोंगर शिखरापासून पायथ्यापर्यंत मावतो.

धुक्याचेही तसेच. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन उष्णता गमावते आणि सखल भागात धुके साचते. पाणी अजून कोमट असून वरची हवा एकाएकी गार झाली असेल तर तळ्यावरून वाफेसारखे धुके उठते. आदल्या संध्याकाळी आकाश मोकळे आणि हवा स्थिर दिसली की मी दुसऱ्या दिवशीचा विषय पाणी हाच धरते. त्यामुळे विषय आधी ठरवावा, याबाबत मी रानवाट यांच्या बाजूने आहे. फक्त तो आपल्या इच्छेने नव्हे तर हवामान पाहून ठरवावा.

पांथस्थ

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

धुकेरीताई, एक शंका. प्रतिबिंब टिपताना फोकस कशावर करावा? पाण्याच्या पृष्ठभागावर केला की डोंगर धूसर दिसतो आणि डोंगरावर केला की काठावरचे दगड धूसर येतात.

अभ्रक

पांथस्थ, याचे उत्तर प्रकाशशास्त्रात आहे. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवलेले नसते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते तितकेच दूर असते जितका प्रत्यक्ष डोंगर दूर आहे. त्यामुळे डोंगरावर फोकस केला की प्रतिबिंबही आपोआप स्पष्ट होते. पृष्ठभागावर तरंगणारी पाने आणि काठाचे दगड ही मात्र जवळची वस्तू आहे, आणि तिच्यासाठी ॲपर्चर लहान करावे लागते किंवा दोन वेगवेगळ्या फोकसची छायाचित्रे घेऊन नंतर जोडावी लागतात.

प्रतिबिंबाविषयी आणखी दोन गोष्टी येथे सांगून ठेवतो, कारण त्या छायाचित्र संपादित करताना उपयोगी पडतात. प्रतिबिंब ही दृश्याची हुबेहूब उलटी प्रत नसते. कॅमेरा पाण्याच्या वर जितक्या उंचीवर आहे तितकाच खोल पाण्याखाली ठेवून वर पाहिले असता जे दिसेल, ते प्रतिबिंबात दिसते. म्हणून पलीकडच्या काठावर झाडे असतील तर प्रत्यक्षात त्यांच्या मागे डोंगराचा जेवढा भाग दिसतो त्यापेक्षा प्रतिबिंबात कमी दिसतो. कॅमेरा जितका खाली, तितका हा फरक कमी. दुसरे म्हणजे प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा नेहमी गडद असते. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित करते. पृष्ठभागाशी १० अंशांच्या कोनातून पाहिले तर साधारण एक तृतीयांश, आणि नजर पाण्याला समांतर होत गेली की जवळजवळ सगळा. आकाशावर गडद फिल्टर लावून किंवा संगणकावर आकाश काळवंडवून काही जण प्रतिबिंब आकाशापेक्षा उजळ करून ठेवतात. असे चित्र पाहणाऱ्याला काय चुकले आहे ते सांगता येत नाही, पण खटकते.

निळाई

मी केवळ मोबाइल वापरते, त्यामुळे येथे लिहावे की नाही असा संकोच होता. परंतु वर डबक्याचा उल्लेख आला आहे म्हणून लिहिते. मोबाइल उलटा धरला, म्हणजे भिंगे असलेली कड खाली आणली, तर भिंग पाण्यापासून बोटभर अंतरावर नेता येते. मोठ्या कॅमेऱ्याने हे करायचे तर चिखलात आडवे पडावे लागेल. पकड मात्र घट्ट हवी आणि मनगटाला दोरी अडकवलेली बरी. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे जवळचे दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही एका वेळी स्पष्ट येतात, हाही फायदाच आहे. पक्ष्यांच्या बाबतीत माझे दोन्ही हात वर आहेत. डिजिटल झूमने काढलेला बगळा हा बगळा आहे हे खाली लिहावे लागते.

कुंपणावरचा

निळाईताई, आमच्याकडे मोठी लेन्स असूनही खाली लिहावेच लागते, तेव्हा संकोच नसावा.

दुर्बीण

चर्चा पाण्यातच अडकली आहे, तिला जरा काठावर आणतो. मी प्रामुख्याने पक्षी टिपतो आणि माझे निरीक्षण असे आहे की फेरफटक्याला निघालेला माणूस वन्यजीवांच्या बाबतीत लेन्सवर जेवढा विचार करतो त्याच्या एक दशांशही वारा आणि सूर्य यांच्यावर करत नाही. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतात आणि उतरतातही तसेच. त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा निवडली तर पक्षी आपल्या दिशेने तोंड करून उठतो आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश असतो. एरवी हाती लागतात ती उडून जाणाऱ्या शेपट्यांची छायाचित्रे, आणि तशी छायाचित्रे प्रत्येकाच्या संग्रहात भरपूर असतात.

उडण्यापूर्वीची चिन्हेही ओळखता येतात. पक्षी खाणे थांबवतो, मान ताठ करतो, अंग आक्रसून पायांवर भार घेतो आणि बरेचदा विष्ठा टाकून हलका होतो. हे शेवटचे चिन्ह दिसले की शटर दाबायला सुरुवात करावी. पाणबुडीसारखा बुडी मारणारा पक्षी असेल तर तो पाण्याखाली असताना काठाने दोन पावले पुढे जावे आणि तो वर येण्यापूर्वी निश्चल व्हावे. तो वर आल्यावर हालचाल करणारा माणूस त्याला धोका वाटतो, बसलेला माणूस तेवढा वाटत नाही.

शटरविषयी : लेन्सच्या फोकल लांबीइतका भाजक (४०० मिमीला १/४००) हा जुना नियम हात हलण्यापुरताच आहे. ४०० मिमीची लेन्स १.५ क्रॉप असलेल्या, म्हणजे पूर्ण आकारापेक्षा दीडपट लहान, सेन्सरवर लावली की तो हिशोब १/६०० च्या आसपास जातो. लेन्समधले स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. बसलेल्या बगळ्याला १/२५० पुरते, उडणाऱ्या बगळ्याला १/१०००, आणि छोट्या चपळ पक्ष्यांना १/२००० च्या पुढेच जावे लागते. आयएसओ वाढला तर कण दिसतात आणि ते नंतर बरेचसे कमी करता येतात. हललेला डोळा मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने जागेवर येत नाही.

एक्स्पोजरचेही सांगून ठेवतो. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा काळोखाला भुलून सारे उजळ करतो आणि पिसांचा तपशील जळून जातो. तेथे वजा एक स्टॉप किंवा त्याहून थोडे अधिक असे कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या मापात आपण केलेली दुरुस्ती) द्यावे. बर्फावर उलट : कॅमेरा बर्फ राखाडी करतो, म्हणून अधिक एक ते दोन.

जुना_रोल

डायल, सी१, सी२ हे सारे वाचून मौज वाटली. तयारी असावी याविषयी दुमत नाही, परंतु तयारी डोक्यात असावी लागते याचे एक प्रसिद्ध उदाहरण देतो. अमेरिकन छायाचित्रकार अँसल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या गावाजवळ चंद्रोदयाचे जे छायाचित्र घेतले, त्या वेळी मावळतीचा प्रकाश गावातल्या क्रूसांवरून निसटत चालला होता आणि त्यांना प्रकाशमापक सापडत नव्हता. चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कँडल असते हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून त्यांनी एक्स्पोजर काढले आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्याच्या बेतात असताना क्रूसांवरचा प्रकाश गेला.

आता मापक कॅमेऱ्यातच असतो, तेव्हा आकडा पाठ करायचे कारण नाही असे कोणी म्हणेल. तरीही लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर आयएसओच्या व्यस्त (आयएसओ १०० ला १/१००), हा हिशोब डोक्यात असला की मापक कोठे फसतो आहे ते चटकन कळते. चंद्रालाही हा नियम थोड्या फरकाने लागू पडतो, कारण चंद्र म्हणजे उन्हात असलेला खडकच. आयएसओ १०० ला एफ/११ आणि १/१०० च्या आसपास. डोंगरामागून उगवणारा चंद्र टिपताना तो पांढरी टिकली होतो, याचे कारण मापक अंधारलेल्या डोंगराला मान देतो.

टिटवी

रोलकाका, आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. दुसरी निगेटिव्ह मिळाली नाही ना! म्हणजे डोंगर वाट पाहतो हे माझे वाक्य मागे घ्यावे लागेल, पण सी२ मागे घेणार नाही.

अभ्रक

पोलरायझरचा (चकाकी कमी करणाऱ्या, फिरवता येणाऱ्या फिल्टरचा) विषय कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण तळे, डोंगर आणि पक्षी या तिन्हींमध्ये भांडण लावणारी वस्तू तीच आहे.

स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लंबापासून सुमारे ५३ अंशांवर, म्हणजे पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंशांवर पाहिले असता पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश पूर्ण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, असतो. त्या कोनात पोलरायझर फिरवून चकाकी जवळजवळ पुसता येते आणि तळाचे गोटे, शेवाळ, मासे दिसू लागतात. पायाजवळच्या पाण्यासाठी हे वरदान आहे. परंतु आपल्याला डोंगराचे प्रतिबिंब हवे असेल तर तोच फिल्टर थोडासा जास्त फिरला तरी प्रतिबिंब फिके पडते. दूरच्या, अगदी तिरप्या कोनातून दिसणाऱ्या प्रतिबिंबावर हा परिणाम तुलनेने कमी होतो, त्यामुळे एकाच चित्रात पुढे तळाचे गोटे आणि मागे डोंगराचे प्रतिबिंब असे दोन्ही मिळू शकते. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहत फिल्टर हळू फिरवावा, एवढेच.

आकाशासाठी वापरताना आणखी एक पथ्य आहे. आकाशाचे ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते, त्यामुळे खूप रुंद लेन्स लावली की आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाजू फिकट दिसतात. हे कितीही सुधारले तरी विचित्रच दिसते. आणि शेवटी, हा फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो. दुर्बीण यांनी सांगितलेल्या १/२००० च्या मार्गात तो थेट आडवा येतो, म्हणून पक्षी दिसताच तो काढून ठेवणे भाग आहे.

जुना_रोल

कृष्णधवल काळात आकाश गडद करण्याचे काम लाल फिल्टर करीत असे, कारण तो निळा प्रकाश अडवतो. ॲडम्स यांचे १९२७ मधील हाफ डोमचे (कॅलिफोर्नियातील योसेमिटीमधल्या कड्याचे) छायाचित्र त्याचेच उदाहरण आहे. आधी पिवळा फिल्टर लावून एक काचपट्टी त्यांनी खर्ची घातली, आणि उरलेल्या शेवटच्या पट्टीसाठी गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळे आणि कडा उठावदार आला. आज रंगीत रॉ फाइलवरून (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) कृष्णधवल करताना निळ्याची पट्टी खाली ओढली की तोच परिणाम मिळतो. मात्र फार ओढली तर आकाशात कण आणि पट्टे उमटतात.

पांथस्थ

डोंगरांविषयी माझी नेहमीची तक्रार अशी की डोळ्यांना जो डोंगर अंगावर येतो तो छायाचित्रात टेकडीएवढा होतो.

टिटवी

कारण आपण रुंद लेन्स लावून जवळून घेता. रुंद लेन्समध्ये पुढचा दगड फुगतो आणि डोंगर आक्रसतो. पन्नास पावले मागे जा, पुढच्या झाडाला किंवा काठावरच्या माणसाला संदर्भ म्हणून घ्या आणि १०० मिमीच्या पुढची लेन्स लावा. लांब लेन्स डोंगर ओढून जवळ आणते असे म्हटले जाते, प्रत्यक्षात वस्तूंची परस्पर प्रमाणे केवळ आपण कोठे उभे आहोत यावर ठरतात. लेन्स फक्त त्यातला तुकडा कापून देते.

धुकेरी

टिटवी यांच्याशी सहमत, एका पुरवणीसह. लांब लेन्सने दूरचे डोंगर घ्यायचे तर सकाळी लवकर किंवा पाऊस पडून गेल्यावर घ्यावेत. जमीन तापली की हवेचे थर हलू लागतात आणि कड्यांच्या कडा थरथरतात. ती थरथर ट्रायपॉडने जात नाही, महागड्या लेन्सनेही जात नाही, आणि नंतर संगणकावर तीक्ष्णता वाढवली तर ती अधिकच उठून दिसते. धूसरपणा मात्र प्रत्येक वेळी शत्रू मानू नये. एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा सूर्याच्या दिशेने पाहताना सर्वांत सुंदर दिसतात, आणि तेथे धूसरपणा काढणारी ‘डीहेज’ची पट्टी ओढणाऱ्यांचे मला काही कळत नाही.

पांथस्थ

आणखी एक. २४ मिमी आणि एफ/११ ला हायपरफोकल अंतर सुमारे १.८ मीटर येते (पूर्ण आकाराच्या सेन्सरवर). तेथे फोकस ठेवला की ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट, असे वाचले होते. ते विश्वासार्ह आहे का?

अभ्रक

आकडे बरोबर आहेत, ‘स्पष्ट’ या शब्दाची व्याख्या मात्र ढिली आहे. तो हिशोब ०.०३ मिमीचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटेल असे गृहीत धरतो, जे मध्यम आकाराच्या छपाईसाठी ठीक आहे. मोठ्या पडद्यावर पूर्ण आकारात पाहिले की दूरचा कडा किंचित मऊ दिसतो. चित्राचा जीव डोंगरात असेल तर फोकस त्याच्या बाजूने झुकवावा आणि पुढचे दगड थोडे मऊ राहू द्यावेत. लोक दगडांना माफ करतात, डोंगराला करीत नाहीत. एफ/१६ आणि एफ/२२ कडे धाव घेण्यातही अर्थ नाही, कारण विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सारेच चित्र सपाटून मऊ होते.

दुर्बीण

आता रानवाट यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तिन्ही साधण्याचा एक मार्ग आहे आणि तो लेन्स बदलण्याचा नाही. वन्यजीव म्हणजे डोळ्यातली चमक दिसेपर्यंत जवळून घेतलेले चित्र, ही समजूत सोडली की अर्धी अडचण संपते. तळ्याच्या पलीकडच्या काठावर पाणी पिणारे हरीण चित्रात नखाएवढे असले तरी चालते, किंबहुना तसेच असावे. त्याच्यामुळे डोंगराची उंची कळते, पाण्यातल्या वलयांना कारण मिळते आणि त्या प्राण्याचे घर दिसते. अशा चित्रासाठी ७०–२०० मिमीची लेन्स पुरेशी आहे, १/५०० ने काम भागते, आणि मुख्य म्हणजे प्राण्याच्या जवळ जावे लागत नाही. फक्त त्याची आकृती मोकळ्या पार्श्वभूमीवर यायला हवी. पाणी, धुके किंवा बर्फ. झुडपांवर आलेले हरीण शोधायला पाहुण्यांना बोट दाखवावे लागते.

जवळ जाण्याबाबत माझे मत कठोर आहे. प्राण्याने चरणे सोडून मान वर केली आणि कान आपल्याकडे वळवले, तर आपण आधीच त्याच्या मर्यादेत शिरलो आहोत. तेथून मागे यावे. घरट्यावरच्या पक्ष्याला उठवणे, ध्वनिमुद्रित साद वाजवून बोलावणे, अन्न टाकून खेचून आणणे, या साऱ्यांतून मिळालेले छायाचित्र कितीही देखणे असले तरी ते मी पाहत नाही.

रानवाट (धागाकर्ता)

दुर्बीण, हा प्रतिसाद वाचून माझी भूमिका काहीशी सैल करतो. प्राण्याला दृश्यात लहान ठेवायचे असेल तर पाणी आणि डोंगर यांच्याच मांडणीत तोही बसतो, हे मान्य. उडणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत मात्र माझे मत तेच आहे. तो पूर्णवेळ उद्योग आहे आणि तो करताना तळ्याकडे पाठच करावी लागते.

अन्न टाकण्याचा मुद्दा निघाला म्हणून : मोठ्या स्पर्धांमध्ये हे कसे तपासतात?

दुर्बीण

रॉ फाइल मागवतात, तज्ज्ञांना विचारतात. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र पहिले आले होते. तो लांडगा रानटी नसून माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता आहे, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढल्यावर जानेवारी २०१० मध्ये ते पारितोषिक रद्द झाले. छायाचित्रकाराने तो आक्षेप नाकारला होता, हेही नोंदवायला हवे. माझ्यासारख्या सामान्य माणसाला त्यातून घेण्यासारखे इतकेच की छायाचित्राखाली परिस्थिती खरी लिहावी. पिंजऱ्यातला, अन्न टाकून बोलावलेला, पाळलेला, जे असेल ते.

निळाई

आणि ठिकाण लिहू नये. मोबाइल प्रत्येक छायाचित्रात अक्षांश-रेखांश साठवतो, ते अनेकांच्या लक्षात नसते. घरटे किंवा दुर्मीळ प्राणी असेल तर प्रसिद्ध करण्यापूर्वी ही माहिती काढून टाकावी, किंवा कॅमेऱ्याला स्थानाची परवानगीच देऊ नये. तळ्याचे नावही न लिहिलेले बरे, कारण पार्श्वभूमीच्या डोंगरावरून जाणकार उरलेले ओळखतात.

कुंपणावरचा

तरीच माझी छायाचित्रे इतकी सुरक्षित आहेत. त्यांत डोंगरही ओळखू येत नाही आणि प्राणीही.

पांथस्थ

शेवटची शंका, मग गप्प बसतो. पहाटे थंडीत तळ्याकाठी काम करून उबदार खोलीत शिरलो की लेन्सवर बाष्प धरते. पुसले तर पुन्हा धरते. उपाय काय?

धुकेरी

पुसू नये. बाहेर असतानाच कॅमेरा बॅगेत ठेवून चेन पूर्ण लावावी, किंवा हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे, म्हणजे खोलीतली दमट हवा थंड काचेला लागत नाही आणि बाष्प धरलेच तर पिशवीच्या बाहेर धरते. आतली वस्तू खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, आणि त्याला मोठी लेन्स असेल तर बराच वेळ लागतो. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून खिशात ठेवावे, नाहीतर छायाचित्रे पाहण्याच्या घाईत चेन उघडली जाते. बॅटरीही थंडीत लवकर मान टाकते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. संपली असे वाटलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर थोडी आणखी चालते.

टिटवी

आणि ट्रायपॉडचे पाय चिखलात रोवले असतील तर ते घडी करण्यापूर्वी तळ्याच्या पाण्यात नव्हे, स्वच्छ पाण्यात धुवावेत. एका तळ्याच्या शेवाळाचे तुकडे आणि बारीक जीव दुसऱ्या तळ्यात नेणे हा छायाचित्रकारांचा उद्योग नव्हे. बुटांनाही तोच नियम. धुतल्यावर सगळे सांधे उघडून वाळवावेत, नाहीतर आत वाळू राहून कुलपे अडकतात.